मागीलदार

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. तू एका दमात सगळं सांगून मोकळी झालीस. प्राचार्य कुठल्याशा कार्यशाळेहून परतले, स्टाफ मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले की या वर्षीपासून आपल्या कॉलेजात ऑनलाइन प्रोग्राम सुरू, आणि समन्वयक बॉटनीच्या मॅडम. टाळ्या वाजल्या म्हणे. वाजणारच गं बायो! दुसऱ्याच्या गळ्यात घोरपड पडली की आपला गळा वाचल्याचा आनंद लोकांना लपवता येत नाही.

फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "ताई, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" त्याचं उत्तर देईन, पण आत्ता नाही. २०२० साली मीही पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

आधी प्राचार्यांना नेमकं काय हवंय ते काढून घे. 'ऑनलाइन प्रोग्राम' हा शब्द हल्ली लग्नातल्या आहेरासारखा झालाय, आत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्यासारख्या संलग्न कॉलेजाला स्वतःच्या नावावर ऑनलाइन पदवी देता येत नाही. तो अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्यांना दिलाय त्यांचाच. तेव्हा पदवीचं स्वप्न कोणी बघत असेल तर पहिल्याच बैठकीत गोड बोलून मिटव. तुमच्या हातात राहतात दोन-तीन वाटा. एक म्हणजे 'स्वयम्'. २०१७मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेलं हे व्यासपीठ. आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार, विद्यापीठाने मान्य केलं तर, एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय मुलं तिथून करू शकतात आणि श्रेयांक पदवीत मोजले जातात. त्याच्याच जोडीला एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचे अभ्यासक्रम. त्यांचं स्थानिक केंद्र कॉलेजात उघडता येतं. शिकणं फुकट, परीक्षेचं शुल्क वेगळं. गृहपाठाला २५ गुण आणि केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला ७५. दुसरी वाट म्हणजे आपलाच छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. तिसरी, नेहमीच्या विषयाचा थोडा भाग वर्गात आणि थोडा ऑनलाइन शिकवायचा.

तुला माझं मत हवं असेल तर पहिल्या वर्षी 'स्वयम्'चं केंद्र कॉलेजातल्या दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लाव, आणि तू फक्त एक अभ्यासक्रम कर. एकच. तीस मुलांचा. प्राचार्य म्हणतील पाचशे. तू मान डोलव आणि तीसच घे.

आणि हो, नेमणुकीचं पत्र लेखी घे. आठवड्याचे किती तास कमी करणार, माइकला पैसे कुठल्या खात्यातून, तू बोललेलं-चित्रित केलेलं पुढे कोण वापरणार, हे सगळं त्यात यायला हवं. अभ्यासक्रमाला विद्यापीठाची किंवा तुमच्या समितीची मान्यता लागते की नाही तेही आधीच विचारून ठेव. आपल्याकडे तोंडी कामाचं श्रेय तोंडीच मिळतं. मी दोन वर्षं राबले, आणि अहवालात माझं नाव 'इतर सहकारी' या दोन शब्दांत बसलं होतं. असो.

आता माझी फजिती ऐक. तुला तेव्हा सांगितली नव्हती, कारण तू मला हुशार समजायचीस आणि मला ते आवडायचं.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. जुलै-ऑगस्टात आमच्याकडे ठरलं की मराठीचा 'मुद्रितशोधन आणि युनिकोड टंकलेखन' हा कोर्स ऑनलाइन करायचा. मी महिनाभर सॉफ्टवेअरं बघत बसले. कशात फळा आहे, कशात हजेरी आपोआप लागते, कशात मुलं हात वर करू शकतात. मग इस्त्रीची साडी नेसून, मागे पुस्तकांचं कपाट दिसेल अशी बसून, पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांची व्याख्यानं रेकॉर्ड केली. ६३ नावं आली. मी तर हरखूनच गेले. पाचव्या आठवड्यात गृहपाठ देणारी मुलं उरली नऊ. एका व्हिडिओवर अकरा बघणी दिसत होती. त्यातली चार माझीच होती, आवाज नीट आलाय का ते बघायला.

मी काय केलं असेन? मुलांना नावं ठेवली. हल्लीच्या पोरांना चिकाटीच नाही, वगैरे. स्टाफरूममध्ये हे वाक्य बोललं की चार माना डोलतात, त्यामुळे ते खरंच वाटायला लागतं. नंतर कळलं की भल्याभल्यांचं हेच झालंय. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव घालणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन जण शेवटपर्यंत पोचले होते. म्हणजे माझे ६३तले नऊ तसे वाईट नव्हते. पण हार्वर्डच्या नापास पोरांनी माझं समाधान कसं व्हावं? ती ५४ पोरं मला नावाने ठाऊक होती.

म्हणून एका रविवारी फोन घेऊन बसले. रागवायलाच, खरं सांगते. तिसरा की चौथा फोन एका मुलाला लागला. मागे प्रचंड गलका. तो लासलगावला कांद्याच्या खळ्यावर निवडायला आणि गोण्या भरायला जात होता, वडिलांचं काम बंद पडलेलं. म्हटलं, कोर्स का सोडलास? तर म्हणाला, "सोडला नाही मॅडम. दुसऱ्या आठवड्यात दोन लेक्चरं चुकली, तारीख गेली. मग म्हटलं आता काय, आपलं नाव कटलं असेल."

नाव कटलं असेल! कोणी कापलं होतं? मी तर नाही. पण त्या पडद्यावर 'मुदत संपली' असं लाल अक्षरात दिसत होतं, आणि त्याला ते माझ्याच तोंडचं वाटलं.

त्या रात्री मला आपलं घर आठवलं. पुढच्या ओटीवर पाहुणे, बाबांची माणसं, चहाचे कप. आणि उशीर झालेला, चिखलात पडलेला, शाळेत मार खाल्लेला, भांडून गेलेला असा जो कोणी असेल तो कुठून यायचा? मागीलदारातून. विहिरीवर पाय धुवायचे, पडवीतून आत यायचं, आणि आई काही न विचारता ताट वाढायची. तू बारावीच्या सहामाहीला नापास झालीस तेव्हा कुठून आत आलीस, आठवतंय ना? वर्गालाही मागीलदार असतं बघ. आठ दिवस दांडी मारलेला मुलगा नवव्या दिवशी गुपचूप शेवटच्या बाकावर येऊन बसतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, आणि तास संपेपर्यंत तो पुन्हा वर्गातला झालेला असतो. आपण फक्त एकदा त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचं. ऑनलाइन शाळेला मात्र फक्त पुढचं दार असतं, आणि त्यावर घड्याळ टांगलेलं. तुझं खरं काम तिथे मागीलदार पाडणं आहे. बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं.

कसं पाडायचं ते सांगते. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा रिकामा सोड. नवीन काही नाही, मागचं भरून काढायचं. आमच्या पोरांनी त्याला 'भाकड आठवडा' नाव दिलं होतं. मला ते आवडलं, मी तेच ठेवलं. वेळापत्रकात तो पहिल्या दिवसापासून छापलेला असावा, म्हणजे मागे पडणाऱ्यांसाठी कोणीतरी आधीच जागा ठेवली आहे हे त्यांना दिसतं. मुदत द्यायची ती रविवारी रात्री बाराची दे, शुक्रवारी संध्याकाळी पाचची नको. कारण तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या हातात स्वतःचा फोन नाही. फोन भावाचा, नाहीतर बाबांचा. तो त्यांच्या हाती येतो रात्री नवानंतर, जेवणं उरकल्यावर, आणि तोवर दिवसाचा दीड जीबी डेटा भावाने क्रिकेटवर उडवलेला असतो. पाच वाजताची मुदत म्हणजे घरातल्या पुरुषाने फोन दिला तर पास.

आणि फोन कर. आठवड्याला ज्यांचं काहीच आलं नाही त्यांची यादी काढायची. तीस मुलांत ती पाच-सहांची निघते, म्हणून तर म्हटलं तीसच घे. दोन मिनिटांचा फोन, आणि 'का नाही केलंस' हा प्रश्न त्यात येऊ द्यायचा नाही. "तिसरा भाग राहिलाय, सहा मिनिटांचा आहे, आज रात्री बघतेस?" एवढंच. मुलं गळायची असतात ती पहिल्या दोन आठवड्यांत गळतात, म्हणून हे फोन तेव्हाच जास्त लागतात. पुढे त्यांना एकमेकांचीच सवय होते.

सहा मिनिटं म्हटलं ते उगाच नाही. एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतली सुमारे ६९ लाख बघणी तपासून संशोधकांनी २०१४ साली मांडलं होतं की व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारा साधारण सहा मिनिटांच्या आतच पाय काढतो. माझी पंचेचाळीस मिनिटं आणि ती इस्त्रीची साडी आठवून मी एकटीच हसले होते.

आता तुझा विषय. तू म्हणालीस, बॉटनीतलं काहीही चालेल. मग सरळ रोपवाटिका घे ना! कोय कलम. तुझ्या आजूबाजूला दर दुसऱ्या घरामागे हापूसची कलमं आहेत, दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२पासून तिकडेच आहे, आणि तुझे विद्यार्थी ज्या घरांतून येतात तिथे हे ज्ञान वहीत नाही, हातात आहे. व्हिडिओ अशाच गोष्टीसाठी असतो. 'पेशी म्हणजे काय' हे तू चेहरा दाखवून सांगण्यात काय अर्थ? ते त्यांनी पुस्तकात वाचावं. पण दहा-पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रोप कुठे कापायचं, मधोमध चीर किती खोल, कलमकाडीला पाचर कशी काढायची, दोघांची जाडी कशी जुळवायची, प्लास्टिकची पट्टी कुठून गुंडाळायला सुरुवात करायची, हे पुस्तकात वाचून कोणाला जमलंय? कॅमेरा तुझ्या तोंडावर नको, बोटांवर ठेव. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी छाटून ठेवायची ते दाखवायला एक वेगळा दोन मिनिटांचा तुकडा कर, कारण नवखे नेमके तिथेच चुकतात.

यात एक पंचांग मात्र पाळावं लागेल. कोय कलमाचा हंगाम जून ते ऑगस्ट. तुझं चित्रण पावसातच व्हायला हवं, आणि अभ्यासक्रमही तेव्हाच चालायला हवा, म्हणजे मुलांच्या हाताशी रोपं असतील. प्राचार्यांना ऑक्टोबरात उद्घाटन हवं असेल, कारण तेव्हा पाहुणे मिळतात. त्यांना सांग, आंबा पाहुण्यांसाठी थांबत नाही.

पण पाऊस म्हटला की वीज गेलीच. तू तिथेच राहतेस, तुला काय सांगायचं? २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा कित्येक गावांत किती दिवस अंधार होता. म्हणून थेट तास कमीत कमी ठेव. पंधरवड्यातून एक, तोही शंकांसाठी, आणि चुकला तरी काही बिघडणार नाही असा. बाकी सगळं उतरवून ठेवता येईल असं हवं. व्हिडिओ लहान आकाराचा कर, चकचकीत दर्जाचा सोस नको. त्याच्यासोबत तेच बोलणं नुसत्या आवाजात, आणि एका पानाचा मजकूर दे. एकदा बाजारपेठेत रेंज मिळाली की आठवड्याचं सामान भरून घरी नेता आलं पाहिजे, किराण्यासारखं.

परीक्षेचं तू विचारलंच नाहीस, पण तुमच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच येईल: "कॉपी केली तर?" आमच्याकडे त्यासाठी कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती झाली होती. एक मुलगी भिंतीकडे पाठ करून, इंचभर न हलता बसायची. मला वाटायचं किती शिस्तीची! मागे तिची आजारी आजी खाटेवर होती आणि खोली एकच होती. तेव्हापासून मी कॅमेऱ्याची सक्ती केली नाही, तूही करू नकोस. तुझी परीक्षा तर सोपी आहे. प्रत्येकाने पाच कलमं बांधायची. बांधली त्या दिवशीचा फोटो, आठवड्याचा फोटो, आणि पंधरा-वीस दिवसांनी फुटवा आला की तो फोटो, नावाची चिठ्ठी शेजारी ठेवून. मेलं तर मेलेल्याचाही फोटो, आणि का मेलं असेल त्याच्या चार ओळी. मेलेल्या कलमाच्या ओळींना जास्त गुण दे. बघच तू, पोरं काय काय लिहितात. शेवटची भेट मात्र प्रत्यक्ष ठेव, कॉलेजच्या आवारात, चाकू हातात देऊन. मध्ये मध्ये प्रत्येक व्हिडिओनंतर दोन प्रश्न टाक, चुकले तर पुन्हा सोडवता येतील असे, गुण न लावता. नुसतं पुन्हा पुन्हा बघण्यापेक्षा आठवून उत्तर द्यायला लागलं की जास्त टिकतं, हा आपल्या दोघींचाही अनुभव आहे. आई पाढे म्हणून घ्यायची ना!

एक गोष्ट जरा जपून सांगायची आहे. व्हॉट्सॲपचा साधा ग्रुप करून सगळ्यांना त्यात टाकू नकोस. मी टाकलं होतं. त्यातल्या एका मुलीला अनोळखी नंबरावरून रात्री-अपरात्री मेसेज यायला लागले. नंबर ग्रुपमधूनच उचलला गेला होता. तिने कोर्स सोडला तेव्हा कारण सांगितलं नाही. मला वर्षाने कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून. ते मला अजून टोचतं. आता कम्युनिटीचा घोषणा-गट करता येतो, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. नाहीतर ब्रॉडकास्ट यादी कर, फक्त त्यांनी तुझा नंबर जतन केलेला हवा. आणि तुझा म्हणशील तर दुसरं सिम घे. संध्याकाळी आठ ते नऊ ते सुरू, मग बंद. पहिल्या महिन्यात मी रात्री साडेअकराला 'मॅडम पासवर्ड विसरलो'ची उत्तरं देत असायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुमचं कॉलेज रात्रपाळीचं झालं का?" तेव्हा मला राग आला होता. त्यांचं बरोबर होतं.

बोलायची भाषा आपली घरातली ठेव. तू वर्गात 'कलमकाडी' म्हणतेस आणि कॅमेरा लागला की 'सायन' म्हणायला लागशील, मला माहीत आहे. इंग्रजी नाव एकदा पडद्यावर येऊ दे, बाकी बागेतल्या गड्यासारखी बोल. जमलं तर एखाद्या जुन्या कलम बांधणाऱ्या काकांनाच बोलव, त्यांची परवानगी घे, मानधन दे, आणि तू नुसते प्रश्न विचार. खर्च करायचा तो माइकवर, कॉलरला लावायचा साधा मिळतो. कॅमेरा तुझ्या फोनचा पुरे. पंखा बंद. सकाळी लवकर बस, कावळे उठायच्या आत.

बरं, सॉफ्टवेअर. मूडल घे. फुकट आहे, मराठीतही चालतं. ते पहिल्यांदा आलं २००२मध्ये. करणारा मार्टिन दुगियामास लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात रेडिओवरून शाळा शिकला होता. म्हणजे दूर बसून शिकणारा पोर काय असतो हे त्याला कोणी समजावून सांगायला लागलं नसेल. ते चालवायला कॉलेजात संगणकाचं कोणी जाणतं माणूस नसेल तर गूगल क्लासरूमवर भागव, तीस मुलांना ते पुष्कळ झालं. कुठलाही विक्रेता चकचकीत लॅपटॉप घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसलेला दिसला तर त्याला एकच विचार: "दोन आठवडे न आलेली मुलगी परत आली तर तिला पडद्यावर काय दिसतं?" तो गोंधळतो. मी दोघांना विचारलं, दोघेही गोंधळले.

त्या खळ्यावरच्या मुलाचं काय झालं ते राहिलंच. त्याच्यासाठी मी मुदती उघडल्या. नंतर सगळ्यांसाठीच उघडल्या, कारण एकट्यासाठी उघडलेलं दार त्याला उपकारासारखं वाटलं असतं. ५४ मधले सतरा परतले. सगळे नाही, सतराच. त्याने शेवटचा गृहपाठ गोण्यांच्या थप्पीवर बसून टंकला, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. मी त्या लाल शाईने दाखवल्या आणि त्याने त्या दुरुस्त करून पुन्हा पाठवला. न मागता.

तू घाबरली आहेस हे मला फोनवर कळलं. घाबर, पण पहिला तुकडा या महिन्यात चित्रित कर, वाईट झाला तरी. मला पाठव. मी सहा मिनिटांच्या पुढे बघणार नाही, आधीच सांगते.

आईशी सकाळी बोलले. यंदाच्या रायवळ आंब्यांच्या कोयी तिने मागीलदारी, न्हाणीच्या बाजूला, ओळीने रुजत घातल्यात. म्हणाली, धाकटीला लागतील असं ऐकलं, शंभरेक आहेत, पोरांना सांग पिशव्या घेऊन या. कोणी सांगितलं तिला? मी तर नाही सांगितलं.